नातवंडांना ‘राहती’ लेणी दाखवायची आहेत : कॅराव्हॅनने लातूरहून निघण्याबाबत मार्गदर्शन हवे

मांजराकाठ (लातूर)

सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि सौ. मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. त्या वेळी आम्ही दोघे, मुलगा, सून, बारा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू अशा सहाजणांनी, तिकडे आरव्ही म्हणतात ती झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्डे पाहिले. वालुकाश्माच्या उंच कड्यांतील नैसर्गिक कपारींमध्ये तेथील प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगड, माती आणि लाकूड वापरून बांधलेली सुमारे ६०० घरे तेथे आहेत, आणि त्यांतील क्लिफ पॅलेस या सर्वांत मोठ्या वस्तीत सुमारे १५० खोल्या आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस लोक या कपारींत राहायला आले आणि १३०० च्या सुमारास सारे सोडून दक्षिणेकडे निघून गेले. जाण्यामागे एकापेक्षा अधिक कारणे असावीत, परंतु झाडांच्या खोडांतील वाढीच्या वलयांवरून १२७६ पासून पुढे सुमारे पंचवीस वर्षे तेथे मोठा दुष्काळ होता, हे निश्चित झालेले आहे. २०१६ साली ज्या शहराने रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या शहरातून मी गेलो होतो, त्यामुळे हे ऐकताना मला फार वेळ काही बोलता आले नाही.

सौ.च्या गुडघ्यांमुळे तिने क्लिफ पॅलेस समोरच्या कठड्यावरूनच पाहिला. मुलगा आणि नातवंडे मात्र बाल्कनी हाऊसची ३२ फुटांची शिडी चढून गेली. परत आल्यावर नातवाने आजीला आधी काय सांगितले असेल, तर घरांच्या मागच्या बाजूला कातळातून पाणी झिरपते आणि ते लोक तेच पाणी पीत असत. मग त्याने विचारले, “आजोबा, आपल्याकडे अशी घरे आहेत का?” मी म्हणालो, आहेत, अजिंठ्याला, वेरूळला. त्यावर नात म्हणाली, “पण ती तर मंदिरे आहेत ना? तिथे कोण राहत होते?” चौतीस वर्षे शाळेत शिकवूनही मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि ती गोष्ट अजून मनात घर करून आहे.

येत्या डिसेंबरमध्ये सारे लातूरला येत आहेत. मुलांना त्या गाडीचे फार वेड लागले असल्याने कॅराव्हॅन भाड्याने घेऊन सहा दिवसांत आपली लेणी दाखवावीत असा विचार आहे. माणसे येथे राहत होती, झोपत होती, पाणी भरत होती, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल अशी लेणी कोणती? सौ.ला त्यांतील कोणती झेपतील? आणि एवढी मोठी गाडी रात्री उभी कोठे करावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सातमाळा (कन्नड)

काका, आपल्या नातीने विचारलेला प्रश्न मी दर वर्षी माझ्या वर्गातील मुलांना विचारते, आणि निम्म्याहून अधिक मुले “देवळे” असेच उत्तर देतात. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

उत्तर ‘लेणे’ या शब्दातच आहे. जुन्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ असा शब्द येतो आणि संस्कृतात ‘लयन’ म्हणजे आश्रयाचे, विसाव्याचे, राहण्याचे ठिकाण. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहावे, या वर्षावासाच्या नियमातून कातळातील ही घरे आली. पूजेसाठी चैत्यगृह आणि राहण्यासाठी विहार, असे दोन प्रकार होते. अजिंठ्यात लहानमोठी तीस लेणी आहेत आणि त्यांपैकी चैत्यगृहे फक्त पाच आहेत, म्हणजे ९, १०, १९, २६ आणि २९ या क्रमांकांची. बाकी जवळजवळ सारे विहार आहेत. पुढच्या काळातील विहारांत मागच्या भिंतीत बुद्धमूर्तीचे गर्भगृहही कोरले गेले, त्यामुळे आपल्याला ते देऊळ वाटते, पण भोवतीच्या त्या लहान अंधाऱ्या खोल्या कोणाच्या होत्या, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

म्हणून मुलांना अजिंठ्याला नेलेत की चित्रांच्या लेण्यांकडे वळण्याआधी क्रमांक १२ मध्ये न्यावे. तेथे एकही चित्र नाही, मूर्ती नाही आणि पुढची भिंतही पडून गेलेली आहे, त्यामुळे गर्दी तेथे थांबत नाही. चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत समोरासमोर दोन दगडी ओटे आहेत. हे ओटे वेगळे आणून ठेवलेले नाहीत. खोली कोरताना तेवढा कातळ राखून ठेवलेला आहे, आणि डोक्याकडच्या बाजूला उशीइतका उंचवटाही त्याच दगडात आहे. दाराच्या चौकटीत वर-खाली पाहिले की लाकडी दार ज्यात फिरे ती भोके दिसतात. मी मुलांना त्या दारात उभे करून इतकेच विचारते, की दार लावून घेतल्यावर आत उजेड कोठून येईल. मग मुले गप्प होतात आणि प्रत्येक खोलीत डोकावू लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चोवीस माणसांची झोपण्याची जागा त्यांना मोजता येते, आणि ही मोजणी त्यांची त्यांनी करावी, आपण आधी आकडा सांगू नये.

दुसरी जागा क्रमांक २४ ची. हे लेणे अपुरे राहिले आहे. कातळात आधी बोळांसारखे चर खोदायचे, मधे राहिलेले दगडाचे पट्टे नंतर फोडून काढायचे, ही रीत तेथे काम अर्ध्यावर थांबल्यामुळे उघडी दिसते. मेसा व्हर्डेच्या लोकांनी कपारीत घर बांधले, आपल्या लोकांनी कातळातून घर कोरून काढले, हा भेद मुलांना या एका लेण्यात समजेल. तिकडे दगड दगडावर रचला होता आणि सांध्यांतल्या चिखलात बांधणाऱ्यांच्या बोटांचे ठसे राहिले आहेत, आपल्याकडे टाकीचे घाव राहिले आहेत.

वेरूळचे म्हणाल, तर कैलास पाहण्याच्या ओढीने लोक १ ते १२ ही बौद्ध लेणी घाईने आटोपतात. आपण तसे करू नये. क्रमांक ५ च्या लांबलचक दालनात जमिनीपासून थोडे उंच असे दोन दगडी ओटे आरपार गेलेले आहेत. भिक्षू तेथे ओळीने बसून पाठ करत असावेत किंवा जेवत असावेत. आपल्याकडच्या पंगतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. क्रमांक १२, म्हणजे तीन ताल, ही कातळातील तीन मजली इमारत आहे आणि तिचे जिनेही आतूनच कोरलेले आहेत. मुले वर जातील, काकूंनी खालच्या अंगणात बसावे.

आणि माझे सर्वांत आवडते ठिकाण पितळखोरा. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची ही लेणी आमच्या कन्नडजवळ सातमाळा डोंगरात, गौताळा अभयारण्यात आहेत. तेथील विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे आणि आतल्या खोल्यांचे छत लाकडी वासे असावेत तसे गोलाकार कोरलेले आहे. ज्यांना लाकडी घरांची सवय होती, त्यांनी दगडातही तेच घर उभे केले. येथील दानलेखांत पैठणच्या माणसांची नावे आहेत. आपल्या पैठणच्या! एखाद्या व्यापाऱ्याने गोदावरीकाठी मिळवलेला पैसा इतक्या दूरच्या डोंगरात अनोळखी माणसांच्या निवाऱ्यासाठी द्यावा, हे मला प्रत्येक वेळी नव्याने मोठे वाटते. दगड ठिसूळ असल्याने पडझड बरीच झाली आहे आणि पठारावरून दरीत पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात, त्यामुळे काकूंना तेथे नेऊ नये. मुलांना मात्र अवश्य न्यावे.

सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ बंद असते, हे ध्यानात ठेवूनच वार ठरवावेत.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर, आम्ही दोन वर्षांपूर्वी आठजणांनी अशीच गाडी भाड्याने घेऊन हाच पट्टा केला होता, त्यामुळे लेण्यांचे नाही, पण गाडीचे सांगू शकतो.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी अमेरिकेत आपण पाहिलेत तसे पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी असलेले तळ मराठवाड्यात जागोजागी मिळतील असे धरून निघू नये. आम्ही प्रत्येक मुक्कामासाठी कुंपण असलेल्या एखाद्या निवासाच्या आवारात गाडी लावण्याची परवानगी फोनवर आधीच घेतली होती आणि तेथे एक खोलीही घेतली होती. वडीलधाऱ्यांना अंघोळीला व शौचाला खोली, मुलांना झोपायला गाडी, ही विभागणी उत्तम ठरली. अजिंठ्यासाठी फर्दापूरला आणि वेरूळला गावातच अशी सोय होऊ शकते. रस्त्याच्या कडेला किंवा पेट्रोल पंपावर रात्र काढू नये.

आमची फजिती पाण्याने केली. गाडी देणाऱ्याने टाकी भरून दिल्याचे सांगितले, आम्हीही विश्वास ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिल्लोडच्या पुढे नळ कोरडा पडला. टाकीच्या खालच्या जोडाशी नळीची पट्टी सैल होती आणि रात्रभर थेंब थेंब गळून सारे पाणी गेले होते. डबे धुण्यापुरतेही पाणी राहिले नाही आणि माझ्या आईला पाण्याच्या बाटलीने तोंड धुवावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हा गाडी ताब्यात घेताना टाकी आपल्यासमोर भरून घ्यावी, अर्धा तास गाडी उभी ठेवून खाली ओल दिसते का ते पाहावे, सांडपाण्याची टाकी रिकामी असल्याची खात्री करावी आणि पिण्याच्या पाण्याचे दोन जार वेगळे ठेवावेत.

दुसरी गोष्ट अंधार पडल्यावर गाडी चालवण्याची. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. लातूर, धाराशिव, बीड या साऱ्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, त्यांतील कित्येकांना मागचा दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावाच. गावांतून जाताना गाडीची उंची लक्षात ठेवून लोंबत्या तारा आणि फांद्या पाहाव्यात. एकाने खाली उतरून पुढे चालत जावे लागले तरी त्यात कमीपणा मानू नये.

अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवतात आणि तेथून सुमारे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने लेण्यांपाशी जावे लागते, त्यामुळे मोठी गाडी असल्याने आपले काही अडत नाही. लेण्यांपाशी डोलीवाले असतात. काकूंसाठी डोली करावी, त्यात संकोच करू नये. पितळखोऱ्याबद्दल मात्र मी सातमाळा ताईंशी सहमत नाही. एवढी गाडी घेऊन तिकडे जाणे म्हणजे एक दिवस वाया घालवणे. त्याऐवजी शहरातील, बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी पाहावीत. ती जवळ आहेत, गर्दी नसते आणि विहारही चांगले आहेत.

सातमाळा (कन्नड)

दिवस वाया जाणार नाही, दादा. गाडी तिकडे न्यायचीच नाही. ती कन्नडला उभी करावी आणि मुलांनी व त्यांच्या आईवडिलांनी सकाळी जीप करून जावे. चाळीसगाव रस्त्याने निघाल्यावर घाट उतरण्यापूर्वीच वळायचे असते, त्यामुळे घाटातील वाहतुकीचाही प्रश्न येत नाही. तेथे खाण्यापिण्याचे काही मिळत नाही, म्हणून पाणी आणि दशम्या बरोबर घ्याव्यात आणि कचरा परत आणावा. औरंगाबाद लेणी मलाही आवडतात, पण ज्या मुलाने ३२ फुटांची शिडी चढली आहे, त्याला पितळखोऱ्याची दरी नाकारू नये.

तेरणातीर (धाराशिव)

नमस्कार. लातूरहून निघालेल्या माणसाला सर्वांनी थेट वेरूळ-अजिंठ्याचा रस्ता दाखवला, परंतु वाटेवर आमचे धाराशिव आहे, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

शहराजवळच्या डोंगरात सात लेणी आहेत. मुख्य लेण्याच्या मोठ्या दालनाभोवती राहण्याच्या खोल्या आहेत आणि गाभाऱ्यात पार्श्वनाथाची मूर्ती आहे. ही लेणी मुळात बौद्ध असून नंतर जैन झाली, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. त्या वादात मी येथे शिरत नाही, कारण आपल्या नातवाला त्याहून महत्त्वाची गोष्ट तेथे सापडेल, ती म्हणजे पाणी. करकंडू राजाची एक जुनी जैन कथा आहे. राजाला या डोंगरात लेणे सापडले. मूर्तीच्या अंगावर एक गाठ दिसली, ती शोभत नाही म्हणून त्याने फोडायला लावली, आणि त्यातून पाण्याचा असा लोट उसळला की लेणे भरून गेले. कथा कथेच्या जागी राहो. पण डोंगराच्या पोटात पाणी आहे आणि तेथे दगड जपून फोडावा, हे ती रचणाऱ्याला ठाऊक होते, एवढे मला त्यातून स्पष्ट दिसते.

यामागचे कारणही मुलांना सांगण्यासारखे आहे. आपला दख्खनचा कातळ हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. वरच्या भेगाळ, सच्छिद्र थरातून पावसाचे पाणी खाली उतरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोहोंच्या सांध्यातून आडवे बाहेर पडते. मेसा व्हर्डेला वालुकाश्मातून उतरलेले पाणी खालच्या शेल, म्हणजे चिकणमातीपासून झालेल्या घट्ट खडकाच्या, थरावर अडून कपारीत झिरपते, तसेच हे. दगड वेगळा असला तरी पाण्याची चाल एकच आहे. तिकडे त्याच ओलीने आणि थंडीत गोठणाऱ्या पाण्याने दगडाचे पापुद्रे सुटून कपारी झाल्या, म्हणजे घराला जागाही पाण्यानेच करून दिली. आपल्याकडे झिरपा कमी पडेल म्हणून लेण्यांच्या शेजारी कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी साठवत. जुन्नर, कान्हेरीच्या दानलेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ असा शब्द आहे. जसे कोणी लेणे दान देई, तसेच कोणी पोढी दान देई.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक लेण्यापाशी गेल्यावर नातवाने आधी पाणी शोधावे. अजिंठ्याला ते सोपे आहे, खाली वाघोरा नदीच आहे आणि तिच्या पात्रापासून लेण्यांकडे चढणाऱ्या जुन्या पायऱ्यांच्या खुणा क्रमांक १६ आणि १७ च्या बाजूला आहेत. धाराशिवला आणि पितळखोऱ्याला त्याला डोके चालवावे लागेल.

वेळ असेल तर तेरही पाहावे. पैठणप्रमाणेच सातवाहन काळातील ही मोठी बाजारपेठ, तिचे प्राचीन नाव तगर. तेथील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे चैत्यगृह होते असे मानतात, आणि लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या घरांतील मातीच्या वस्तू ठेवल्या आहेत. लेण्यांत राहणाऱ्यांना पोसणारी घरे कशी होती, ते येथे कळते. काकूंनाही येथे चढ-उतार नाही.

मांजराकाठ (लातूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री अमेरिकेत सकाळ झाल्यावर हे सारे मुलांना फोनवर वाचून दाखवले. नातीने चोवीस हा आकडा मी वाचण्यापूर्वीच “बारा खोल्या, दोन-दोन ओटे” म्हणून स्वतः काढला, त्यामुळे सातमाळा ताईंची एक सूचना आमच्याकडून मोडली गेली, क्षमस्व.

ठरले ते असे. शनिवारी पहाटे निघून तेर आणि धाराशिव, मुक्काम धाराशिवला. रविवारी दिवसाउजेडी छत्रपती संभाजीनगर. सोमवारी वेरूळ, तेथे आधी बौद्ध लेणी आणि दुपारनंतर कैलास. मंगळवारी कॅराव्हॅन कन्नडला ठेवून चौघे पितळखोऱ्याला जातील, आम्ही दोघे कन्नडलाच थांबू. बुधवारी अजिंठा, डोलीसह. गुरुवारी परत. गाडीची टाकी मी स्वतः उभा राहून भरून घेणार आहे. निलंगा रस्त्यावरची खरोसा लेणी घरापासून जवळ असल्याने ती नंतर एका दिवसात वेगळी करू.

एक शंका राहिली. डिसेंबरमध्ये पितळखोऱ्याच्या ओढ्याला पाणी असते का? नातवाने विचारायला सांगितले आहे.

सातमाळा (कन्नड)

काका, पाऊस चांगला झाला असेल तर डिसेंबरमध्ये डोहांत पाणी राहते, धबधबा मात्र बहुधा आटलेला असतो. ते त्याच्या दृष्टीने बरेच आहे, कारण धबधब्याच्या आवाजात झिरपा ऐकू येत नाही. चैत्यगृहाच्या आसपास कातळात कोरलेले पाणी वाहून नेण्याचे चर आहेत, ते त्याने शोधावेत. सकाळी आठच्या आत कन्नडहून निघावे, म्हणजे उन्हाआधी खाली पोहोचता येईल. मंगळवारी मला शाळा आहे, पण काकूंना त्या दिवशी आमच्या घरी दुपारच्या जेवणाला घेऊन यावे. घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही.